परशुराम मेस्त्रींचा शेवटचा हेडर

१

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं पडवीत तीन हेडर मांडून बसलो होतो. रविवार होता. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि डब्याच्या तळाशी चकल्यांचा चुरा तेवढा उरला होता. तो खात खात बाबा माझी परीक्षा घेत होते.

हेडर म्हणजे चार नळ्यांचं जुडगं. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून जळलेला वायू चार नळ्यांनी बाहेर येतो आणि पुढे एका नळीत मिळतो. कंपनीचा ओतीव लोखंडाचा जड भाग काढून असा हेडर बसवला की इंजिन मोकळं होतं आणि गाडी चढाला वेगळीच पळते. तारकर्लीच्या गुरुदासला त्याच्या शर्यतीच्या गाडीसाठी तो हवा होता. जोरदार नको, टिकाऊ हवा, असं त्याने बजावलं होतं. मालवणात टिकाऊ म्हणजे खाऱ्या वाऱ्यात टिकणारा.

"सांग बघया," बाबा म्हणाले, "गुरुदासाच्या गाडीक यातलो खंयचो घालूया?"

"माका काय कळता त्यातला? मी पुस्तकां सांभाळतंय."

"पुस्तक घेताना नुसतो पुठ्ठो बघतंस? शिवण बघतंस मा? मगे ह्येची पण शिवण बघ."

मी कणकवलीच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. शिवण बघायची म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना. बाबांनी हातात लोहचुंबक दिलं. पहिला हेडर काळा, रंगवलेला; त्याला चुंबक असं चिकटलं की ओढून काढावं लागलं. साधं लोखंड, वर रंग. दुसरा आरशासारखा चकचकीत, ऑनलाइन मागवलेला. तो उचलताना हात फसला, इतका हलका. इंजिनाला टेकते त्या पट्टीवर बाबांनी स्टीलची फूटपट्टी उभी धरायला सांगितली. खालून उजेडाची चीर दिसली. म्हणजे पट्टी वाकडी, वायू तिथून फुटणार. नळीत बोट घातलं तर वेल्डिंगचे थेंब आत ओघळून गोठलेले.

तिसरा मळकट, वजनदार. चुंबक त्याच्या सरळ नळीवरून घसरून पडलं, म्हणजे स्टेनलेस. फूटपट्टीखाली उजेड नाही. जोडावरची शिवण बांगड्याच्या खवल्यांसारखी एकावर एक, सारखी.

"ह्यो," मी तिसऱ्यावर बोट ठेवून म्हटलं.

बाबांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "तो माजो. कालच संपवलंय."

मग म्हणाले, "गुरुदासाक वर पट्टी गुंडाळूक होयी. बॉनेट तापता म्हणता. मी नाय म्हटलंय. आमच्या हवेत पट्टी ओल धरता. धातूक सुकूक गावणा नाय."

पट्टी म्हणजे काचेच्या धाग्याची रुंद फीत. नळ्यांवर बँडेजसारखी गुंडाळतात, उष्णता आत राहावी म्हणून. हे मला त्या दिवशी कळलं आणि एरवी त्याच दिवशी मी विसरूनही गेले असते.

तेवढ्यात समदचाचा आले. त्यांची होडीची इंजिनं दुरुस्त करायची शेड आमच्या गॅरेजला लागून. दोघांची चाळीस वर्षांची दोस्ती. हातात पिशवीत बांगडे. माझे काळे झालेले हात बघून ते हसले.

"परशा, चेडवाक पण ग्रीसात घातलंस?"

"तुज्या जाळ्यात घालण्यापरास बरा."

मी चहा केला. बाबांनी कप उचलला तशी बशी वाजायला लागली. चहा थोडा बशीत, थोडा लेंग्यावर. समदचाचांनी कप त्यांच्या हातातून घेतला, बशीतला चहा परत कपात ओतला आणि समोर ठेवला. मी माडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला बाबा चुलीपाशी बसले, ते उठले नाहीत.

२

मार्चमध्ये शिवाचा फोन आला. शिवा बाबांच्या हाताखाली वीस वर्षं होता. बाबांनंतर गॅरेज तोच चालवतो.

"ताय, येशात काय?" तो म्हणाला. "गुरुदासाची गाडी पेटली. घाटात सरावाक गेल्लो. मेस्त्रीनी केल्लो हेडर फुटलो."

"गुरुदास?"

"तो बरो आसा. भुवई जळली. पण गावात... तुमी येवा."

गावात काय, ते एसटीतून उतरल्याबरोबर कळलं. नाक्यावरच्या दुकानदाराने सांत्वन केल्यासारखं हळू विचारलं, "शेवटी शेवटी त्यांना जमत नव्हतं, नाही का?" गॅरेजात नेहमी चार-पाच गाड्या असायच्या, त्या दिवशी एक होती.

"दोघा गाड्ये परत घेवन गेले," शिवा म्हणाला. "तोंडार कोण काय बोलणा नाय. घाई आसा, कुडाळाक दाखवतंय, असा म्हणतत." तो हात पुसत होता आणि पुसतच राहिला. "माका दुसऱ्या गॅरेजात काम गावात ताय. ता नाय. पण मेस्त्रींची पाटी मी उतरवूचंय?"

गोणपाटात हेडर होता. मी तो बाकावर काढून ठेवला आणि थबकले.

नळ्यांभोवती पट्टी गुंडाळलेली होती. मधला फुटलेला भाग दिसावा म्हणून गुरुदासने ती एका बाजूने कापली होती. खाली बोटभर लांबीची भेग, आणि तिच्या आसपास केसासारख्या अनेक बारीक चिरा, एकीतून दुसरी फुटलेली. भेगेतून ज्वाळेसारखा वायू शेजारच्या तारांवर गेला होता.

"ही पट्टी कोणी गुंडाळली?"

शिवाने माझ्याकडे बघितलं. "मेस्त्रीनी. दुसऱ्या कोणी? बारावा झाल्यावर मी गॅरेज उघडलंय तेव्हा हेडर असोच खुंटीर टांगलेलो. तेंच्या हातचा शेवटचा काम म्हणान मी धक्को लावूक नाय. तसोच बसवलंय."

बाबांनी शनिवारी हेडर पूर्ण केला. रविवारी तो माझ्यासमोर उघडा होता, आणि पट्टी नको असं ते स्वतः म्हणाले. सोमवारी सकाळी ते गेले.

मग मेलेल्या माणसाने पट्टी गुंडाळली कशी?

३

कॉलेजात रहस्यकथांचं कपाट माझ्या टेबलामागे आहे. त्यातली निम्मी पुस्तकं मी कामाच्या वेळात वाचलेली आहेत, आणि पुस्तकातल्या शोधकांचा मला नेहमी हेवा वाटे. त्यांचा मेलेल्या माणसाशी काही संबंध नसतो.

मी तीन दिवसांची रजा टाकली आणि तारकर्लीला गेले. पर्यटकांना उतरायला गुरुदासची चार खोल्यांची जागा माडांत आहे. मागे ताडपत्रीखाली गाडी उभी होती. तो माझ्याशी नेहमी शाळेतल्यासारखं मराठी बोलतो.

"बसा मॅडम. मी कोणाकडे काही बोललो नाही, शपथ. गाडी टोइंगवर आली, लोकांनी बघितली."

"मला हेडर जिथे बसला होता ती जागा दाखवाल?"

त्याने ताडपत्री काढली. जळक्या रबराचा वास अजून होता. हेडरला इंजिनाच्या खाली एक आधार लागतो; तो ढिला असेल तर सगळं वजन नळ्यांवर येतं आणि त्या हादऱ्याने तुटतात, हे शिवाने मला येताना सांगून ठेवलं होतं. आधार जागेवर होता. बोल्टही मोजून बघितले. गुरुदासने काही काढलं नव्हतं.

"पट्टी तुम्ही आणलीत?"

त्याने जळक्या भुवईवर बोट फिरवलं. "हो. मेस्त्री नको म्हणाले होते, खरं आहे. पण उन्हाळ्यात बॉनेट फार तापायचं. ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी पार्सल आलं. गॅरेज बंद. शेजारी समदचाचांकडे किल्ली होती, त्यांच्याकडे दिलं. शिवाला द्या म्हटलं. मग गाडी मिळाली तेव्हा पट्टी गुंडाळलेली होती. मला वाटलं शिवाने केलं."

"शिवाला वाटलं बाबांनी."

त्याने ताडपत्री पुन्हा गाडीवर ओढली. मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "पट्टीचं जाऊ द्या मॅडम. पट्टीने हेडर फुटत नाही, सगळे रॅलीवाले वापरतात. वेल्डिंग सुटलं असणार. मला मेस्त्रींवर राग नाही. वय झालं होतं."

"वेल्डिंग सुटलं हे कशावरून?"

गुरुदास अवघडला. ताडपत्रीची दोरी बांधायला लागला.

"कशावरून म्हणजे... तुम्हीच फोन केला होतात ना? दसऱ्याला. बाबांना नवीन काम देऊ नका, त्यांचे हात आता स्थिर नाहीत, म्हणून?"

४

हो, तो फोन मी केला होता.

ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात उभं राहून, दोन मिनिटं. गुरुदासने तरीही काम दिलं, कारण बाबा स्वतःच त्याच्या दारात जाऊन नळ्यांची मापं घेऊन आले. पण माझं वाक्य त्याच्याजवळ राहिलं, आणि हेडर फुटला त्या दिवशी त्याला कारण शोधावं लागलं नाही. बाबांवरचा पहिला आरोप घरातूनच गेला होता.

आता मला एवढंच हवं होतं: ते वाक्य खोटं ठरावं. आणि ते खरं निघालं तर तेही मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

परत येऊन मी हेडरला चुंबक लावलं. सरळ नळ्यांवर ते घसरलं. वळणांवर मात्र हलकेच धरलं. मी पुन्हा लावलं, पुन्हा धरलं. आणि भेग वळणावरच होती. म्हणजे वळणांचे तुकडे बनावट? नळ्या कणकवलीच्या बाबूच्या दुकानातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडर पिशवीत घालून मी बाबूच्या काउंटरवर ठेवला.

बाबू पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, नजर गिऱ्हाइकाच्या मागच्या गिऱ्हाइकावर. माझं बोलणं ऐकून त्याने दुकानच थांबवलं.

"तुज्या बापाशीक मी बनावट माल दिलंय? तो नळी कानाक लावन वाजवन घेय. एकदा तीन नळ्ये परत पाठवलान, माज्याच टेम्पोतसून, माज्याच पैशान." त्याने कोपऱ्यातून वीतभर सरळ तुकडा काढला. "लाव चुंबक."

घसरलं.

त्याने तो तुकडा शिकंज्यात धरून पाइपाने जोर लावून वाकवला. "आता वाकलंल्या जागेर लाव."

हलकेच धरलं.

"थंड असताना वाकवला की ह्या जातीचा स्टेनलेस जरासा चुंबक धरता. माल तोच. तुज्या बापाशीक म्हायत होता, म्हणान तो सरळ नळीरच चुंबक लावी." मग त्याने हेडर उचलला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि बराच वेळ भेगेकडे बघितलं.

"वेल्डिंग खंय आसा दाखव."

मी दाखवलं.

"आणि भेग?"

ती वेल्डिंगपासून चार बोटं लांब होती. मी दोन दिवस तिच्याकडे बघत होते आणि हे अंतर मला दिसलं नव्हतं.

"शिवण एकपण उसवूक नाय," बाबू म्हणाला. "ह्ये चिरे भायरसून आत गेले हत. झाडाच्या मुळांसारखे. पट्टी नसलंल्या जागेर एक तरी चीर आसा? नाय. असा मी एका कारखान्यात बघितलंय, गरम पाण्याच्या नळ्यांका. स्टेनलेस तापता, वरसून ओल आणि..." तो थांबला. "पण थंय कारण येगळा होता. गाडीत ता खंयसून येतला?"

"काय, बाबूकाका?"

"मीठ," बाबू म्हणाला.

५

मालवणात मीठ कुठून येणार हा प्रश्न हास्यास्पद आहे. ते वाऱ्यात असतं, खिडकीच्या गजांवर असतं, वाळत घातलेल्या कपड्यांत असतं. गुरुदासची गाडी तर समुद्रापासून शंभर पावलांवर उभी असते. मग सगळा प्रश्नच मिटला: हवा खारी, हेडर फुटला, कोणाचा दोष नाही.

पण मला ते पटेना. वाऱ्यातलं मीठ बाहेरून येतं. ते पट्टीच्या वरच्या थरात जास्त सापडायला हवं, आणि आत जाईल तसं कमी.

घरी येऊन मी पट्टी कापलेल्या बाजूने सोडवली, बांधलेलं टोक तसंच ठेवलं. एकावर एक अर्धी चढवत गुंडाळल्यामुळे तिचा निम्मा भाग बाहेर होता आणि निम्मा आत, धातूला लागून. फुटलेल्या जागेपासून लांब, तीन ठिकाणांहून मी दोन्ही भागांचे सारखे तुकडे कापले. बाहेरचे एका वाटीत, आतले दुसऱ्या वाटीत. दोन्हींत फिल्टरचं पाणी. तासाभराने तुकडे पिळून काढले, पाणी स्टीलच्या दोन ताटांत ओतलं आणि ताटं अंगणात उन्हात ठेवली. शेजारच्या यशोदाकाकूंनी कुंपणावरून विचारलं, "काय गो, पापड घालतंस?"

चार वाजता बाहेरच्या तुकड्यांच्या ताटात एक पुसट कडं होतं. आतल्या तुकड्यांच्या ताटात पांढरा थर. बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ, चांगलं खारट.

गुरुदास गाडी नळाच्या पाण्याने धुतो. वरचं धुऊन गेलं, आतलं राहिलं. पण आत ते मुळात गेलं कसं? एकच मार्ग होता. गुंडाळण्याआधीच पट्टी खाऱ्या पाण्यात भिजली होती.

मी शिवाला फोन केला. "पट्टी गुंडाळण्याआधी भिजवतात का?"

"भिजवतत. धागे टोचूक नये आणि घट बसाक होयी म्हणान. पुड्यार चित्र आसता, बाल्दीचा. पण नळाच्या पाण्यात, ताय."

"पुड्याबरोबर टोक बांधायच्या स्टीलच्या पट्ट्या येतात?"

"येतत. आमच्या खणात पडल्ये आसत, फोडूक पण नाय. मी म्हटलंय मेस्त्रीनी तारेन बांधलान, तेंका ता आवाडता."

मी पुन्हा हेडरकडे गेले. पट्टीचं शेवटचं टोक बारीक स्टीलच्या तारेने बांधलं होतं. सात वेढे, एकमेकांना खेटून. गाठ कुठेच नाही. तारेचं टोक वेढ्यांच्या पोटात ओढून घेतलेलं, बाहेरून शोधून सापडू नये असं. बाबा तार बांधत तेव्हा पक्कडीने पीळ देत. हा हात मेकॅनिकचा नव्हता. दोराचं टोक उसवू नये म्हणून असं बांधतात. होडीवर.

समदचाचा बंदरावर वाळूत जुन्या जाळ्यावर बसले होते. मला बघून त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली.

"बस गो. परशाचो हेडर फुटलो म्हणतत, ह्या माका पटणा नाय. तेच्या हातचा काय फुटाक नाय कधी."

"चाचा, पट्टी तुमी गुंडाळलास?"

त्यांचा चेहरा उजळला. तेच मला सोसलं नाही.

"तुका कसा कळला? कोणाक सांगूक नाय मी. परशा गेलो, गॅरेज बंद, किल्ली माज्याकडे. रोज जावन बसय. थंय तो हेडर टांगल्लो, आणि गुरुदासान पार्सल दिल्यान. म्हटलंय, परशाचा शेवटचा काम अर्धा कशाक ऱ्हवाचा? पुड्यार बाल्दीचा चित्र होता. गुंडाळूचा काम माका काय नवीन?" ते हसले. "नळ थंयच होतो. पण मी बाल्दी घेवन दर्यार गेलंय. गोड्या पाण्यात दोर कुजता गो. खाऱ्यात भिजवन बांधलो तर वर्सान्‌वर्सा टिकता. म्हटलंय परशाचा काम टिकाक होया."

लाट वाळूवर येऊन परत गेली. मी खोटं बोलले. घाई आहे म्हणाले आणि उठले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुदासला गॅरेजात बोलावलं. समदचाचांना बोलावलं नव्हतं. पण शेड लागून. ते चहाची किटली घेऊन आले आणि स्टुलावर बसले.

मी रात्री ठरवलं होतं: सगळं सांगायचं, फक्त नाव नाही. 'कोणीतरी' म्हणायचं.

हेडर बाकावर ठेवला. बाबूने वाकवलेला तुकडा ठेवला, दोन ताटं ठेवली. माल खरा, हे चुंबकाने दाखवलं. आधार जागेवर होता, म्हणजे गुरुदासची चूक नाही. भेग शिवणीपासून चार बोटं लांब; फूटपट्टी लावून दाखवली. चिरा फक्त पट्टीखाली. मीठ आतल्या थरात.

"पट्टी खाऱ्या पाण्यात भिजवली गेली," मी म्हटलं. "गाडी तापली की मीठ नळीवर बसत गेलं. तापलेल्या स्टेनलेसला मीठ आणि ओल मिळाली की ते असं तडकतं. उघडा असता तर हा हेडर आपल्या सगळ्यांनंतरही राहिला असता. कोणीतरी चांगल्या मनाने..."

"किती बाल्दी?" समदचाचांनी विचारलं.

मी हातातली फूटपट्टी खाली ठेवली.

"एकच हाडलंय मी," ते म्हणाले. "दर्यातसून." किटली त्यांनी खाली ठेवली, अगदी सावकाश, जणू तीही फुटेल. "म्हणजे गाडी मी पेटवलंय. आणि नाव परशाचा झाला."

मग गुरुदास म्हणाला, आणि या वेळी शाळेतलं मराठी नव्हतं, "चाचा, मेस्त्री नको म्हणी होते. पट्टी मी मागवलंय. तुमका कोणी सांगूक नाय."

"आणि मी बघलंय, सोडवूक नाय," शिवा म्हणाला. "मेस्त्रींचो हात समजान रोज तेका नमस्कार करी होतंय. दोराचो बांध माका वळखाक येवक नाय, वीस वर्सा बाजूक ऱ्हवान."

"तू बोटीर चढलंस कधी? उलटी येता तुका," समदचाचा म्हणाले. आवाज फुटला तरी टोमणा जागेवर पडला. शिवा हसला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

गुरुदासने शिवणीवर अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "वेल्डिंग सुटला म्हणान मी धरून चाललंय. आज नाक्यार जावन मीच सांगतंय सगळ्यांका. शिवा, असोच नवीन करशील? उघडो. पट्टी नको."

"मेस्त्रींची मापां आसत. करतंय."

"तू धरून कशाक चाललंस?" समदचाचांनी गुरुदासला विचारलं. "परशाचा वेल्डिंग सुटतला, असा तुका वाटला तरी कसा?"

गुरुदास माझ्याकडे बघेना. तो सांगणार नव्हता, हे मला दिसलं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"मी सांगितलं त्याला," मी म्हटलं. "दसऱ्याला, फोनवर. बाबांचे हात थरथरतात, काम देऊ नका म्हणून."

"हात?" शिवाला खरंच कळलं नाही. "चायचो कप धरल्यानी की थरथरत. वेल्डिंगचो टॉर्च हातात घेतल्यानी की गप. ह्यो हेडर माज्या म्होरे जोडल्यानी. तुमी गॅरेजात येवन बघला काय कधी?"

मी नकारार्थी मान हलवली. घरापासून गॅरेज तीनशे पावलं. मी शनिवारी संध्याकाळी यायची आणि सोमवारी सकाळी जायची. बाबांना मी कपाबशीपलीकडे बघितलंच नव्हतं.

समदचाचा स्टुलावरून पुढे वाकले. रागावलेले नव्हते. बालवाडीतल्या मुलीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कित्याक गो बाय? कित्याक सांगलंस तसा?"

याचं उत्तर मी पाच महिने तयार ठेवलं होतं. वय झालं होतं, विश्रांती हवी होती, धूर छातीला चांगला नव्हता. तिन्ही कारणं खरी होती आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. समोर बाकावर हेडर होता, त्यावर बाबांच्या हातची शिवण, सारखी, कुठेही न हललेली. मी तिच्यावर हात ठेवला. धातू थंड होता. मी समदचाचांशी बोलायला तोंड उघडलं, पण बोलले त्यांच्याशी नाही.

"बाबांनू, माका भीती वाटा होती," मी म्हटलं. "हात थरथरले की वाटायचा, आता तुमी जातलास. ता माका तुमका सांगूक जमला नाय. म्हणान मी लोकांका हातांचा सांगलंय."